हा हिरवा लेझर रामन यांच्या हातात दिला तर?

फेब्रुवारी लागला की जालन्यातल्या सायन्स कॉलेजांमध्ये एकच धावपळ सुरू होते. २८ तारखेला विज्ञान दिन. पोस्टर, रांगोळी, थर्माकोलचे मॉडेल. आणि कुठल्या ना कुठल्या टेबलावर हमखास असतो तो हिरवा लेझर पॉइंटर. दोन-तीनशे रुपयांना मिळणारा, पेनासारखा. अंबड, परतूर, भोकरदनच्या पोरांनी रात्री गच्चीवरून तो आभाळात सोडून पाहिलेला असतोच. एक हिरवी दोरी थेट चांदणीला टेकल्यासारखी दिसते.

त्याच्या अंगावर एक पिवळं स्टिकर असतं. पाच मिलिवॉटपेक्षा कमी, तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर. आपण ते वाचतो, मान डोलावतो आणि बटण दाबतो. या पेनातून खरंच तेवढाच आणि तसाच प्रकाश बाहेर पडतो का, हे कोण तपासतं?

ज्यांच्या शोधामुळे आपण हा दिवस साजरा करतो, त्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी नक्की तपासलं असतं. त्यांचं अख्खं आयुष्य याच एका खोडीत गेलं. प्रकाश समोर आला की हे विचारणार, यात नेमकं काय काय आहे? आणि उत्तर शोधायला महागडं यंत्र लागतंच, हे त्यांना कधी पटलं नाही.

७ नोव्हेंबर १८८८ चा जन्म, तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीजवळचा. वडील विशाखापट्टणमच्या कॉलेजात गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे, त्यामुळे घरात पुस्तकं भरपूर. पोरगं अकराव्या वर्षी मॅट्रिक. तुम्ही आम्ही तेव्हा पाचवी-सहावीत असतो! मग मद्रासचं प्रेसिडेन्सी कॉलेज. तिथे प्रॅक्टिकलला सगळ्यांना तेच काम, प्रिझमचा कोन मोजा आणि जर्नल पूर्ण करा. रामन यांनीही मोजला. पण मोजता मोजता प्रकाशाच्या कडेला काही पट्टे दिसले, आणि ते दोन्ही बाजूंना सारखे नव्हते. पुस्तकात असं काही नव्हतं. बाकीच्यांनी सोडून दिलं असतं. हा मुलगा त्याच्या मागे लागला आणि १९०६ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये त्याचा पेपर छापून आला. वय अठरा. यंत्र कुठलं, तर कॉलेजच्या लॅबमधलं, रोजच्या वापरातलं.

पुढे विलायतेला जायचं, तर डॉक्टरांनी तब्येतीवरून नकार दिला. मग सरकारी वित्त खात्याची परीक्षा दिली, पहिला नंबर काढला. त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी लग्न झालं, आणि १९०७ मध्ये वयाची एकोणीस वर्षंही पूर्ण नसताना कलकत्त्यात मोठा हिशेबी अधिकारी म्हणून रुजू. आपल्याकडच्या भाषेत, पोरगा सेट झाला.

कलकत्त्यात ट्रामने जाता-येता बहुबाजार रस्त्यावर एक पाटी दिसली, इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. रामन उतरले आणि आत गेले. मोठी जुनी इमारत, उपकरणं होती, पण संशोधन करणारं जवळपास कोणी नव्हतं. तिथून पुढे दिनक्रम ठरला. पहाटे साडेपाचला लॅब, पावणेदहाला घर, जेवण आणि ऑफिस, संध्याकाळी पाचनंतर पुन्हा लॅब ते रात्री उशिरापर्यंत. दहा वर्षं. स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांना हे वेळापत्रक ओळखीचं वाटेल, फरक एवढाच की यांना पोस्ट आधीच मिळालेली होती. मधे बदल्याही झाल्या. एकदा रंगूनला आणि १९१० मध्ये आपल्या नागपूरला. तिथे त्यांनी घरालाच लॅब केलं. १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्राध्यापकपद दिलं तेव्हा सरकारी पगाराच्या मानाने बरंच कमी मिळणार होतं. तरी नोकरी सोडली.

आता येतो १९२१ चा प्रवास. मला विचाराल तर रामन यांच्या आयुष्यातला सगळ्यात देखणा प्रसंग हाच. विद्यापीठांच्या परिषदेसाठी ते ऑक्सफर्डला गेले होते. परत येताना नारकुंडा नावाचं जहाज. भूमध्य समुद्राचा तो गडद निळा रंग बघून त्यांना प्रश्न पडला. त्या काळातलं मोठं नाव म्हणजे लॉर्ड रॅले. त्यांचं मत होतं की समुद्राची निळाई म्हणजे पाण्यात पडलेलं आभाळाचं प्रतिबिंब. रामन यांच्या सामानात एक निकोल प्रिझम होतं, खिशात मावणारा छोटा स्पेक्ट्रोस्कोप होता. निकोल प्रिझम एका ठरावीक कोनात धरलं की पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश अडतो. आजच्या पोलराइज्ड गॉगलचं काम हेच. रामन यांनी डेकवर उभं राहून आभाळाचं प्रतिबिंब असं पुसून टाकलं आणि खाली बघितलं. समुद्र निळाच. उलट जास्त निळा! म्हणजे निळाई उसनी नव्हती, पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत होते. जहाज मुंबई बंदरात लागलं तेव्हा ‘नेचर’ला पाठवायचं टिपण तयार होतं. त्यावर तारीख आहे २६ सप्टेंबर १९२१ आणि ठिकाण मुंबई बंदर. (पोलराइज्ड गॉगल असेल तर मोतीबागेच्या तळ्याकाठी उभे राहा, गॉगल हळूहळू फिरवा. चकाकी कशी जाते-येते ते बघा. फुकट आहे.)

कलकत्त्याला आल्यावर विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी हाच विषय धरला. द्रवात प्रकाश सोडायचा आणि बाजूने बघायचं की काय विखुरतंय. १९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांना पाण्यात एक अगदी पुसट जादा प्रकाश दिसला, मूळ रंगापेक्षा वेगळा. सगळ्यांना वाटलं, पाण्यात काहीतरी घाण असणार, तिचं हे चमकणं. पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध केलं. प्रकाश जाईना.

याच्यावर रामन यांनी काढलेली युक्ती समजून घ्या, कारण आपल्या हिरव्या पेनाची परीक्षाही तिच्यावरच आहे. सूर्याचा प्रकाश सात इंची दुर्बिणीच्या भिंगातून एकवटला. त्याच्या वाटेत जांभळी काच ठेवली, म्हणजे द्रवात फक्त जांभळा प्रकाश शिरणार. बघणाऱ्याच्या डोळ्यासमोर हिरवी काच, जी जांभळ्याला अजिबात पुढे सोडत नाही. दोन्ही काचा एकदम लावल्या तर हिशेबाने सगळा अंधार व्हायला हवा. पण द्रवातली प्रकाशाची रेघ पुसट का होईना, दिसत राहिली. जांभळा आत गेला होता, हिरवा बाहेर येत होता. आत कुठेतरी रंग बदलत होता.

असे साठेक द्रव तपासले. सगळ्यांत तेच. इतक्या वेगवेगळ्या द्रवांत एकच घाण कशी असेल? २८ फेब्रुवारी १९२८ ला साध्या, डोळ्याला लावून बघायच्या स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहिलं तेव्हा मूळ रंग आणि नवा रंग यांच्यामध्ये स्वच्छ काळी फट दिसली. पुढे पाऱ्याच्या दिव्याने वेगळ्या रेघाच रेघा मिळाल्या. प्रकाशाचा कण रेणूला धडकतो, थोडी ऊर्जा रेणूला देऊन जातो आणि रंग बदलून बाहेर पडतो. किती ऊर्जा द्यायची ते रेणूनुसार ठरतं, म्हणून प्रत्येक पदार्थाची रेघ वेगळी. या कामाचं सगळं साहित्य दोनशे रुपयांचं होतं असं सांगितलं जातं. तेव्हाचे दोनशे म्हणजे आजचे नाहीत हे खरं, पण युरोपातल्या प्रयोगशाळांपुढे ती चिल्लरच. १९३० मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्यांना इतकी खात्री होती की घोषणा होण्याआधीच त्यांनी बोटीची तिकिटं काढून ठेवली होती!

इथे थोडं थांबू. दिवसरात्र त्या काचा लावून बघणारे के. एस. कृष्णन हे नाव आपल्या पोस्टरवर फारसं नसतं. ‘नेचर’मधल्या टिपणावर त्यांची सही आहे, नोबेलवर नाही. दुसरी गोष्ट आपल्या मुलींना माहीत हवी. १९३३ मध्ये रामन बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक झाले. मुंबई विद्यापीठात पहिली आलेली कमला भागवत प्रवेश मागायला गेली, तर रामन यांनी नकार दिला. कारण, ती मुलगी होती. ती हटली नाही. शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला. वर्षभर तिचं काम पाहून रामन यांनी मत बदललं आणि पुढे मुलींसाठी दार उघडलं. तीच डॉ. कमला सोहोनी, १९३९ ची केंब्रिजची डॉक्टरेट. प्रकाशाला शंभर प्रश्न विचारणाऱ्या माणसाने स्वतःच्या समजुतीला एकही विचारला नव्हता. तो प्रश्न तिने विचारला.

तर आता आपलं पेन.

लाल पॉइंटरमध्ये एक डायोड असतो, तो थेट लाल प्रकाश देतो. स्वस्तातल्या हिरव्याचं बहुतेक वेळा तसं नसतं. (थेट हिरवा देणारे डायोडही आता निघालेत.) त्याच्या आत आधी ८०८ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड प्रकाश तयार होतो, जो आपल्याला दिसत नाही. तो एका स्फटिकात जाऊन १०६४ चा होतो, तोही अदृश्य. दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करतो आणि मग कुठे ५३२ चा हिरवा मिळतो. म्हणजे हे पेन मुळात इन्फ्रारेडचं, त्यातला थोडा भाग हिरवा होऊन बाहेर येतो. उरलेला इन्फ्रारेड अडवायला तोंडाशी एक फिल्टर लागतो. पैसे वाचवायचे असतील तर कंपनी नेमका तोच गाळते.

अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने १२२ पॉइंटर तपासले, त्याचे निकाल २०१३ मध्ये आले. हिरव्यातले जवळपास ९० टक्के त्यांच्या सुरक्षा नियमात बसले नाहीत. त्याआधी २०१० मध्ये याच संस्थेच्या लोकांना एक पेन असं सापडलं होतं की त्यातून हिरव्यापेक्षा इन्फ्रारेडच जास्त येत होता. लख्ख हिरवा डोळ्यात गेला तर पापणी आपोआप मिटते. अदृश्य प्रकाशाला पापणी मिटत नाही. डोळ्याच्या पडद्यावर तो पोचतो, आणि आपल्याला कळतही नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझरने डोळे गेल्याच्या बातम्या महाराष्ट्राने वाचल्या आहेत. ते लेझर मोठे होते, पण पडदा तोच.

तपासायची रीत त्याच संस्थेच्या लोकांनी सांगितली आहे, आणि साहित्य बघून रामन खूश झाले असते. एक जुनी सीडी, एक कॅमेरा. सीडीवरच्या बारीक खाचा प्रकाश तरंगलांबीप्रमाणे वेगवेगळ्या कोनात फेकतात. सरळ समोरून मारलेला ५३२ चा किरण साधारण १९ अंशावर ठिपका देतो, ८०८ चा ३० अंशावर, १०६४ चा ४२ अंशावर. पेन स्टँडला घट्ट बांधा, सीडी पक्की करा, पांढरा कागद लावा, मगच बटण दाबा. सीडी आरशासारखी असते, तेव्हा कुणाचं तोंड टेबलाच्या उंचीला नको, आणि हे सर किंवा मॅडम समोर असताना लॅबमध्येच करायचं. कागदाकडे मोबाइलच्या स्क्रीनमधून बघा. हिरव्या ठिपक्यांच्या पलीकडे, डोळ्याला न दिसणारा ठिपका स्क्रीनवर दिसला तर ते पेन प्रदर्शनात ठेवू नका. आधी टीव्हीचा रिमोट मोबाइलसमोर दाबून बघा. त्याचा दिवा स्क्रीनवर चमकला तर तुमच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात नाही चमकला तर सेल्फीच्या कॅमेऱ्याने बघा. ठिपका दिसला नाही म्हणजे पेन पास, असं मात्र धरू नका. कॅमेरा १०६४ ला बराच आंधळा असतो, आणि मिलिवॉट मोजायला पॉवर मीटरच लागतो.

रामन २१ नोव्हेंबर १९७० ला बंगळुरूत गेले, आपणच उभारलेल्या संस्थेच्या आवारात त्यांना अग्नी दिला. लेझरचा शोध १९६० चा, म्हणजे तो त्यांच्या हयातीतच लागला. त्यांना सूर्य आणि पाऱ्याच्या दिव्याने जे करावं लागलं, ते लेझरने इतकं सोपं झालं की औषधाच्या कारखान्यापासून मंगळावरच्या गाडीपर्यंत आज रामन यांची रेघ वापरली जाते.

आणि कॉलेजच्या टेबलावर? चांगलं तपासलेलं पेन असेल तर ५३२ चा हिरवा किरण शुद्ध पाण्यातून जाताना त्याच्या अगदी थोड्या कणांचा रंग बदलतो. पाण्याचा रेणू जेवढी ऊर्जा ठेवून घेतो तिचा हिशेब केला, तर तो नवा रंग येतो साडेसहाशे नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या लाल पॉइंटरचाच रंग. डोळ्याने तो दिसणं कठीण, हिरव्याचा उजेड सगळं झाकून टाकतो. हिरवा अडवणारी लाल काच, पूर्ण अंधारी खोली, बाजूने ठेवलेला कॅमेरा, बराच वेळ उघडं शटर आणि खरोखर शुद्ध पाणी, एवढं जमवा. पहिल्या खेपेला लाल रेघ दिसली तर उड्या मारू नका. बाटलीचं प्लास्टिक चमकत असेल, पाण्यात काही असेल. बाटली बदला, पाणी बदला, पुन्हा बघा.