मल्लवीर कै. खाशाबा जाधव

कृष्णाकाठी वाढलेल्या आम्हां सातारा-सांगलीकडील लोकांस कुस्ती म्हणजे काय हे सांगावयास नको. गावची यात्रा म्हटली की देवाच्या पालखीइतकीच कुस्त्यांच्या फडाची वाट पाहिली जाते. कुंडलच्या मैदानास तर दूरदूरचे मल्ल येतात. असे असूनही आषाढात तालमीत जाऊ लागलेला मुलगा दिवाळीपर्यंत टिकतोच असे नाही. अंग ठणकते, वस्ताद नुसते जोर व बैठका काढवितात पण डाव शिकवीत नाहीत, तोच शेजारचा मित्र बॅट घेऊन येतो आणि लंगोट खुंटीवर राहतो. आजकाल कराटे, तायक्वांदो वगैरे परदेशी विद्यांचे वर्गही निघाले आहेत. मुलाने कोणती विद्या धरावी असे पालक आम्हांस विचारतात, तेव्हा आम्हांस आमच्याच मुलखातील एका पुरुषाचे चरित्र आठवते. तेच आज आम्ही वाचकांस सादर करीत आहो.

कऱ्हाड येथे कृष्णा व कोयना यांचा प्रीतिसंगम आहे. त्या शहरालगत गोळेश्वर नावाचे खेडे आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. परंतु धाकटा म्हणून वडिलांनी त्यांस अंगणात खेळत ठेविले नाही, तर अगदी कोवळ्या वयातच मातीत उतरविले. तालमीत जाणारा मुलगा शाळेतून उठतो असा एक समज आमच्याकडे अद्यापि आहे. खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकले आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. तालीम मात्र कोठेच सुटली नाही. हजार बैठका व अडीचशे-तीनशे जोर हा त्यांचा नित्याचा व्यायाम होता असे सांगतात. अंगाने ते लहानखुरेच होते. पण प्रतिस्पर्ध्याची मान कवेत घेऊन त्यास फेकण्याचा ढाक नावाचा डाव त्यांच्या हातात असा बसला होता की, थोराड मल्लही त्यांस बिचकून असत.

१९४८ साली लंडन येथे ऑलिम्पिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलल्यामुळे खाशाबांस तेथे जाता आले. तेथे पाहतात तो माती नाहीच! आमचा हौदा ताक, तेल, हळद व लिंबू घालून मऊ केलेल्या लाल मातीचा असतो. पाय तीत रुततो व रोवून धरता येतो. तिकडे गादी. तीवर पावलाची पकड निराळी, घड्याळाची मुदत बांधलेली, आणि पाठ न लागताही गुणांवर हारजीत ठरावयाची. ज्या नियमांखाली आपण वाढलो ते सर्व एका दिवसात बदलावे, यासारखी कसोटी विद्यार्थिदशेत दुसरी नसेल. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन शिक्षकाने त्यांची थोडीफार तयारी करून घेतली. खाशाबा ५२ किलोच्या गटात सहावे आले.

सहावा क्रमांक म्हणजे हाती काहीच नाही. इकडे परतल्यावर मातीतल्या मैदानांत फेटा होता, इनाम होते आणि ओळखीच्या लोकांची वाहवा होती. नवख्या गादीचा नाद सोडून देऊन ते आयुष्यभर मैदाने मारीत राहिले असते, तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. पुढची चार वर्षे त्यांनी त्या गादीकडे डोळे लावून मेहनत केली, वजनही वाढविले. ग्रीक मल्लांच्या सर्व गोष्टींतील संयमनाचा जो दाखला पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात दिला आहे, तो आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच. कऱ्हाडच्या या मल्लात तो संयम जसाच्या तसा दिसतो असे आम्हांस वाटते.

१९५२ साली हेलसिंकी येथे जावयाचे ठरले. निवडीच्या वेळी आपणांवर अन्याय झाला असे त्यांस वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांपर्यंत दाद मागितली व पुन्हा कुस्ती जिंकून जागा मिळविली. मग प्रश्न पैशाचा. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, पण ती पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले! विद्यार्थ्यावर असा विश्वास टाकणारे गुरुजन विरळा. पालकांनी क्षणभर स्वतःस त्या जागी कल्पून पाहावे. शिष्य हरून आला असता, तर ती रक्कम फिटणार कशी?

हेलसिंकीस ५७ किलोच्या गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस हरविले. पुढे एका दीर्घ व थकविणाऱ्या कुस्तीनंतर त्यांस लागलीच रशियाच्या मामेदबेकोव्ह याजशी लढावयास उभे केले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. पण त्यांच्या बाजूने बोलण्यास भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. ती कुस्ती हातची गेली. सुवर्णपदक जपानच्या इशीस, रौप्य मामेदबेकोव्हास आणि कांस्यपदक खाशाबांस मिळाले. स्वतंत्र भारतास एका खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळवून दिलेले हे पहिले ऑलिम्पिक पदक होय. त्याच सामन्यांत कोल्हापूरचे केशव माणगावे चौथे आले, हेही येथे नमूद करणे अगत्याचे वाटते. चौथ्याचे नाव सहसा कोणी घेत नाही.

परत आल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक कऱ्हाडाहून गोळेश्वरास निघाली. एरव्ही पाव तासाच्या त्या वाटेस सात तास लागले म्हणतात. पण आम्हांस त्या मिरवणुकीहून पुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. सत्काराचे हार उतरताच खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः लढले आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडविले. गादीवर मिळविलेले पदक त्यांच्यापाशी राहिले. ऋण फेडले ते मातीने.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न येथील सामन्यांस त्यांस जाता आले नाही. तथापि खात्याच्या स्पर्धांत ते लढत राहिले व तरुणांस शिकवीत राहिले. याच मुलखातील, सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ साली जकार्ता येथील आशियाई सामन्यांत एक सुवर्ण व एक रौप्य अशी दोन पदके मिळविली. मातीत वाढलेला मल्ल परदेशी गादीवर टिकतो हे तोवर खाशाबांनी दाखवून दिलेले होते.

खाशाबा साहाय्यक पोलीस आयुक्त या हुद्द्यावरून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. हयातीत सरकारदरबारी त्यांची व्हावी तशी कदर झाली नाही, हे लिहिताना आम्हांस खेद होतो. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. वैयक्तिक खेळातील दुसरे पदक भारतास १९९६ साली टेनिसमध्ये मिळाले, आणि कुस्तीतील दुसऱ्या पदकासाठी २००८ सालापर्यंत, म्हणजे छप्पन्न वर्षे वाट पाहावी लागली. २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास खाशाबांचे नाव देण्यात आले. तेथे लाल मातीचा हौदा नाही. गादीच अंथरलेली असते.