कॉलऱ्याचे विष शोधणारे डॉ. शंभूनाथ डे
हुगळी जिल्ह्यात १९१५ साली जन्मलेल्या डॉ. शंभूनाथ डे यांना कोलकात्यात एक प्रश्न सतावत होता. कॉलऱ्याचा जंतू रक्तात शिरत नाही, मग काही तासांत शरीरातले पाणी जाते कसे? त्यांनी सशाच्या आतड्याचा भाग दोऱ्याने बांधून त्यात जंतू सोडले. तो पाण्याने फुगला. १९५९ मध्ये जंतू गाळून उरलेल्या द्रवानेही तेच घडले. घातक होते ते जंतूने सोडलेले विष. याच पद्धतीने त्यांनी जुलाबाच्या रुग्णांमधील ई. कोलायचे वाणही तपासले; सगळे सारखे नव्हते. कॉलऱ्याच्या विषाने आतडे फाटत नाही, फक्त पाणी सोडते. म्हणूनच वेळेत पाजलेली जलसंजीवनी जीव वाचवते. १९७८ मध्ये नोबेल परिसंवादाचे निमंत्रण आले, पण नोबेल मिळाले नाही. १९८५ मध्ये ते गेले.