विश्लेषण: थेम्स नदीखालचा बोगदा आजही चालतो! तो बांधणारे मार्क ब्रुनेल कोण होते?

नागपूरकरांना बोगदा म्हटलं की आता समृद्धी महामार्गावरचा इगतपुरीजवळचा बोगदा आठवतो. तिथे डोक्यावर डोंगर असतो. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर मात्र डोक्यावर ठाण्याची खाडी असणार आहे. वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा या २१ किलोमीटरच्या बोगद्यातला सुमारे ७ किलोमीटरचा भाग खाडीखालून जातो. अशा जागी खोदणाऱ्या टनेल बोअरिंग मशीनमागची, म्हणजे टीबीएममागची मूळ कल्पना २०० वर्षांहून जुनी आहे. ती सुचली मार्क ब्रुनेल यांना.

फ्रान्समधून पलायन

मार्क यांचा जन्म १७६९ चा, फ्रान्समधल्या नॉर्मंडीतला. मुलाने धर्मगुरू व्हावं, ही वडिलांची इच्छा. मुलगा गेला नौदलात. फ्रेंच राज्यक्रांतीत राजाची बाजू घेतल्याने जीव धोक्यात आला आणि १७९३ मध्ये त्यांनी अमेरिका गाठली. तिथे ते न्यूयॉर्क शहराचे मुख्य अभियंता झाले. पण सोफिया किंग्डम ही इंग्रज तरुणी फ्रान्समध्येच अडकली होती, तिला तुरुंगवासही झाला. पुढे ती सुटून मायदेशी पोहोचली. १७९९ मध्ये मार्क इंग्लंडला आले आणि दोघांचं लग्न झालं.

तेव्हाच्या मोठ्या युद्धनौकेला शिडांचे दोर ओढायला सुमारे हजार कप्प्या लागत. त्या हाताने बनायच्या. मार्क यांनी पोर्ट्समथच्या गोदीसाठी अशी यंत्रं आखली की ११० कारागिरांचं काम १० साधे मजूर करू लागले. पैसा मात्र टिकला नाही. सैन्यासाठी बूट बनवण्याचा कारखाना वॉटर्लूची लढाई संपताच बसला. १८२१ मध्ये कर्जापायी ते सोफियासह तुरुंगात गेले. ते रशियाला निघून जातील, या धास्तीने ब्रिटिश सरकारने ५ हजार पौंड देऊन त्यांना सोडवलं.

शिल्ड म्हणजे नेमकं काय?

जहाजाचं लाकूड पोखरणारा एक जीव असतो. दिसतो अळीसारखा, पण कुळ शिंपल्याचं. डोक्यावरच्या कठीण कवचाने तो लाकूड कुरतडतो आणि मागे भोकाला आतून अस्तर लावत जातो. मार्क यांनी तेच केलं. १८१८ मध्ये त्यांनी शिल्डचं, म्हणजे ढालीसारख्या चौकटीचं, पेटंट घेतलं. थेम्ससाठी बनवलेल्या शिल्डमध्ये ३६ खण होते आणि प्रत्येक खणात एक मजूर. त्याने समोरची एक फळी काढायची, काही इंच माती खणायची, फळी पुन्हा पुढे रोवायची. सगळ्या फळ्या सरकल्या की जॅकने चौकट पुढे ढकलायची आणि मागे लगेच गवंड्यांनी वीटकाम करायचं. आजच्या टीबीएममध्ये मजुरांच्या जागी फिरतं कटरहेड आणि विटांच्या जागी काँक्रीटचे सेगमेंट आले. आमच्या इंजिनीअरिंगच्या वर्गात हा सगळा इतिहास एका स्लाइडमध्ये संपला होता.

१८ वर्षं का लागली?

१८२५ मध्ये रॉदरहाइथला काम सुरू झालं. तेव्हा लंडनचं सांडपाणी थेम्समध्येच जायचं. तेच बोगद्यात झिरपायचं, गॅस पेट घ्यायचा, मजूर आजारी पडायचे. साइटवरचा अभियंता आजारी पडल्यावर मार्क यांचा अवघ्या २० वर्षांचा मुलगा इसम्बार्ड याने सूत्रं घेतली. मे १८२७ मध्ये नदी आत घुसली. मार्क यांनी नदीच्या तळाचं भगदाड मातीच्या पिशव्यांनी बुजवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काम सुरक्षित आहे हे दाखवायला बोगद्यातच मेजवानी झाली.

दोनच महिन्यांनी, १२ जानेवारी १८२८ ला, नदी पुन्हा आली. सहा जण बुडाले. इसम्बार्ड थोडक्यात वाचला. मेजवानीचा थाट इतिहासात जितका रंगवला जातो, तितके हे सहा जण आठवले जात नाहीत.

पैसे संपले आणि बोगदा सात वर्षं बंद राहिला. सरकारी कर्ज मिळाल्यावर काम पुन्हा सुरू झालं. २५ मार्च १८४३ ला ३९६ मीटरचा बोगदा खुला झाला तो फक्त पादचाऱ्यांसाठी, एक पेनी टोल घेऊन. गाड्यांसाठी उताराचे रस्ते बांधायला पैसेच उरले नव्हते. मार्क यांना सर हा किताब मिळाला, पण पक्षाघाताने शरीर खचलं होतं. १२ डिसेंबर १८४९ ला, ८० व्या वर्षी ते गेले. बोगद्यातून पहिली रेल्वे धावली ती १८६९ मध्ये. ती त्यांना पाहता आली नाही.

आज देखभाल कशी?

घोडागाड्यांचा विचार करून ठेवलेली उंची रेल्वेच्या कामी आली. गळती मात्र सुटली नाही. १९९५ मध्ये बोगदा बंद करून आतून काँक्रीट फवारायचं ठरलं. त्याने ब्रुनेल यांचं वीटकाम झाकलं जाणार म्हणून वारसाप्रेमींनी विरोध केला आणि बोगद्याला संरक्षित दर्जा मिळाला. अखेर तडजोड झाली: एका टोकाचा छोटा भाग मूळ रूपात ठेवायचा, बाकीच्या भागाला नवं अस्तर द्यायचं. १९९८ मध्ये गाड्या पुन्हा सुरू झाल्या. २०१० पासून इथून लंडन ओव्हरग्राउंडची लोकल धावते. रॉदरहाइथला पाणी उपसणाऱ्या वाफेच्या पंपांसाठी बांधलेल्या इमारतीत आता ब्रुनेल संग्रहालय आहे.