पक्ष्यांच्या पायी वाळे घालणारे सलीम अली

यवतमाळ जिल्ह्यात पावसाळा सरून कापूस फुटू लागला, की तलावांच्या पाण्यावर दूरदेशीची पाखरे उतरू लागतात. चक्रवाक येतात, इतर रानबदके येतात, आणि उन्हाळ्याची चाहूल लागताच ती सारी निघून जातात. ती कोठून येतात व कोठे जातात, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला असला पाहिजे. परंतु केवळ आकाशाकडे पाहून त्याचे उत्तर मिळत नाही. यंदा उडून गेलेला पक्षी आणि पुढील वर्षी आलेला पक्षी एकच, की दोन निराळे, हे नुसत्या डोळ्यांना कसे कळावे? त्यासाठी पक्ष्याची ओळख पटविणारे साधन हवे. असे साधन हाती घेऊन भारतभर पक्ष्यांचा माग काढणारे थोर पक्षिशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. सलीम अली होत.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपल्यामुळे त्यांचा सांभाळ मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी केला. मामांनी दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपणे हा त्या मुलाचा आवडता खेळ होता. एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही चिमणी नेहमीची नव्हे, मग ही कोण? मामांना सांगता आले नाही. परंतु त्यांनी भाच्याला उडवून लावले नाही. त्यांनी त्याला १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्डसाहेबांनी चिमणीचे नाव तर सांगितलेच, शिवाय खणाखणांतून जपून ठेवलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखविले. त्या दिवशी त्याच्यासमोर एक नवी सृष्टी उघडली.

पुढील वाट मात्र सोपी नव्हती. ब्रह्मदेशातील व्यवसायात त्यांना यश आले नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात १९२६ साली व्याख्यात्याची जागा मिळाली. परंतु आपले शास्त्रीय शिक्षण अपुरे आहे, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. म्हणून ते जर्मनीस गेले आणि बर्लिन येथे स्ट्रेसमान या नामवंत पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम चाले. तेही त्यांनी जवळून पाहिले.

ही युक्ती मूळची डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन नावाच्या एका शाळामास्तरांची. त्यांनी १८९९ साली पकडलेल्या पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची हलकी कडी अडकविली व त्यांवर क्रमांक कोरले. लहान मुलाच्या पायात वाळा घालावा तसाच हा प्रकार. असा पक्षी पुढे कोणाच्या हाती लागला आणि त्याने क्रमांक कळविला, म्हणजे पक्ष्याच्या प्रवासाची दोन टोके कळत. साधन अगदी क्षुल्लक, परंतु त्याने साऱ्या जगाला पक्ष्यांचे मार्ग दाखविले.

१९३० साली सलीम अली परत आले, तो पैशांच्या अभावी त्यांची जागाच रद्द झाली होती. ते पत्नी तहमिना यांच्यासह अलिबागजवळील किहीम या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेले. तेथे बाभळींवर सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबत होती. हाती ना प्रयोगशाळा, ना पगार. होती ती केवळ वही, दुर्बीण आणि चिकाटी. घरट्यांजवळ आडोसा करून ते तासन्‌तास बसत आणि दिसेल ते टिपून ठेवीत. नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर ताब्यात घेते; मग ते पुरे करून नर दुसऱ्या घरट्यास आरंभ करतो, असा तो संसार त्यांनी उकलून दाखविला. घरटे मादीच विणते अशी समजूत बाळगणाऱ्यांना ही गोष्ट ऐकून नवल वाटेल.

पुढे त्यांनी निरनिराळ्या संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी हाती घेतली. पैनगंगेच्या पलीकडे त्या काळी निजामाचे राज्य होते. त्या राज्याची पाहणी करताना त्यांनी मेहनताना मागितला नाही; केवळ खर्च मिळाला तरी पुरे, असे कळविले. तंबूतील त्या खडतर जीवनात तहमिनाबाईंनी त्यांना मोलाची साथ दिली. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. हा आघात सोसूनही सलीम अलींनी काम सोडले नाही. १९४१ साली त्यांचा भारतीय पक्ष्यांवरील सचित्र ग्रंथ निघाला, आणि सामान्य माणसालाही पाखरे ओळखता येऊ लागली.

१९५७ साली आजच्या कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरू लागली आणि माणसेही तापाने फणफणू लागली. हा माकडताप गोचिडांमुळे पसरतो व त्याचा विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता आहे, असे दिसून आले. मग सैबेरियाहून येणाऱ्या पक्ष्यांनीच तर तो आणला नसेल? हा संशय गंभीर होता. तो खरा ठरता, तर निरुपद्रवी पाखरेही माणसाची वैरी ठरली असती. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ साली सोसायटीने शोध आरंभिला आणि त्याची धुरा सलीम अलींनी वाहिली.

पिढ्यान्‌पिढ्या पाखरे धरण्यात निष्णात असलेले बिहारचे मीरशिकार त्यांनी या कामी लावले. डोळ्यांना न दिसणारी बारीक जाळी लावीत. सापडलेला पक्षी अलगद सोडवून त्याचे वजन करीत, पंख मोजीत, अंगावरील गोचिडे वेचीत, रक्ताचा थेंब घेत. शेवटी क्रमांक आणि सोसायटीचा पत्ता कोरलेली कडी पायात घालून, त्याची नोंद करून त्याला सोडून देत. अशी हजारो पाखरे आकाशात सोडण्यात आली. त्यांपैकी फारच थोड्यांचा पत्ता पुन्हा लागे. सैबेरियातील एखाद्या अनोळखी माणसाने ती कडी पाहून पत्र धाडावे, तेव्हा कोठे एक नोंद पुरी व्हावयाची! म्हणून हे काम जितके साधनाचे, तितकेच अनेक प्रामाणिक हातांचे होते.

स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी हा रोग भारतात आणला, असा पुरावा अखेर मिळाला नाही. एवढ्या श्रमांचे फळ नकारार्थी आले, म्हणून ते वाया गेले काय? मुळीच नाही. खोटा आरोप दूर होणे हेही सत्याचेच दर्शन होय. शिवाय या नोंदींनी पक्ष्यांच्या मार्गांविषयी मोठा ज्ञानसंचय दिला. साधनाकडून मनाजोगे उत्तर काढू नये, ते देईल ते उत्तर स्वीकारावे, हा या प्रयत्नांचा खरा धडा आहे.

डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. आंतरराष्ट्रीय पारितोषिकाची मोठी रक्कम लाभली, तीही त्यांनी सोसायटीच्या कार्यास अर्पण केली. १९८७ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते निवर्तले.

त्या छोट्या कडीचा वंश पुढे वाढला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ साली पट्टा बांधण्यात आला. पट्ट्यातील यंत्र उपग्रहांच्या साहाय्याने त्याचे ठिकाण कळवीत होते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो निघाला. कापसाच्या शेतांतून, नद्यानाले व रस्ते ओलांडीत, महाराष्ट्र व तेलंगण या राज्यांतून हिंडत डिसेंबरमध्ये तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. नऊ महिन्यांत त्याने सुमारे ३,००० किलोमीटर वाटचाल केली आणि यंत्राने त्याची पाच हजारांहून अधिक ठिकाणे नोंदविली. कडीला पत्र लिहिणारा माणूस लागे. हा पट्टा आपली वार्ता आपणच धाडीत होता. परंतु अरण्यांचे तुटलेले दुवे पार करून वाघाला एवढे का भटकावे लागले, आणि त्याची वाट मोकळी कशी राहील, हे यंत्र सांगत नाही. त्याचा विचार माणसालाच करावा लागतो.

पिवळ्या गळ्याची चिमणी हाती घेऊन ही कोण, असे विचारणाऱ्या त्या मुलापाशी कोणतेही यंत्र नव्हते. प्रश्न मात्र खरा होता, आणि त्या प्रश्नाचा पाठपुरावा त्याने आयुष्यभर केला. यंत्रे यापुढेही सुधारत जातील. परंतु त्यांना विचारावयाचा प्रश्न, आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे वहीत उतरविण्याची सचोटी, ही ज्याची त्यालाच आणावी लागेल.