बाबासाहेब दोन विद्या एकत्र का शिकले?



गेल्या वर्षावासातील एका पौर्णिमेला विहारात वंदना आटोपल्यावर एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्या कुटुंबाने धम्मदीक्षा घेऊन दोनच वर्षे झाली आहेत. त्यांची मुलगी आमच्याच शाळेतून शिकून पुढे बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. कला शाखेचे विषय आणि कायदा असा पाच वर्षांचा जोड-अभ्यासक्रम तिला घ्यायचा आहे आणि त्यात मानवी हक्क या विषयावर तिचा विशेष ओढा आहे. वडिलांची अडचण साधी होती. गुरुजी, कायदा शिकली तर वकील होईल, एवढे मला कळते. पण मानवी हक्क शिकून काय मिळणार? एका पाठीवर दोन ओझी कशाला?

प्रश्न खोटा नव्हता. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी विद्यापीठाची पायरी चढत आहे, त्या घराला एकेका वर्षाचा आणि एकेका रुपयाचा हिशेब करावाच लागतो. मी स्वतः अशाच घरातून आलो आहे. परंतु या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या घरातील भिंतीवरच लावलेले आहे. आपण ज्यांच्या तसबिरीला हार घालतो, त्या बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र म्हणजे दोन विद्या एकत्र शिकल्याची कथा आहे. आज ते चरित्र आपण या एका अंगाने पाहू.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला सुभेदार रामजींचा हा मुलगा १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. तेथे त्यांनी मुख्य विषय अर्थशास्त्र घेतला. पण त्याच्या जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांचाही अभ्यास केला. १९१५ साली ते एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. ज्या जातीने त्यांना शाळेत गोणपाटावर वेगळे बसविले, ती जात निर्माण कशी झाली आणि टिकते कशी, याचा शोध पंचवीस वर्षांचा हा विद्यार्थी घेत होता. मानवी हक्क या नावाची पदवी त्यांनी घेतलेली नाही. पण माणसाला माणूसपण का नाकारले जाते, याचा त्यांचा अभ्यास तेथूनच सुरू झाला.

त्याच वर्षी ते लंडनला गेले. तेथे त्यांनी एकाच वेळी दोन दारे ठोठावली. ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीसाठी त्यांनी प्रवेश घेतला. एका ठिकाणी पैसा, कर आणि चलन यांचा अभ्यास. दुसऱ्या ठिकाणी कायदा. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये दोन्ही शिक्षणे अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती.

परत आल्यावर बडोद्यात काय झाले, हे आपल्या प्रत्येक मुलाला माहीत असले पाहिजे. परदेशातून शिकून आलेला हा अधिकारी. पण कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून फेकीत आणि गावात राहायला खोली मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात आसरा घेतला, तर तेथूनही लोकांनी हाकलून काढले. केवळ पदवीने माणसाचा दर्जा बदलत नाही, हा धडा त्यांना तेथे मिळाला. दर्जा बदलण्यासाठी तो ज्या नियमांनी बांधला आहे, ते नियमच बदलले पाहिजेत. नियम बदलायचे, तर ते कसे घडतात आणि न्यायालयात कसे चालतात, हे कळले पाहिजे.

म्हणून त्यांनी अर्धवट शिक्षण सोडून दिले नाही. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा साठविला. जानेवारी १९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मतदानाच्या हक्काविषयी साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. साठविलेली पुंजी, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेली रक्कम यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. इकडे मुंबईत परळच्या चाळीत रमाई काटकसरीने संसार ओढीत होत्या. बाबासाहेबांच्या पदव्या मोजताना रमाईंचे ते दिवसही त्यात मोजले पाहिजेत.

लंडनमध्ये दोन्ही अभ्यास पुन्हा एकत्र सुरू झाले. ग्रेज इनमध्ये कायद्याच्या परीक्षा तर होत्याच, शिवाय तेथील रिवाजाप्रमाणे ठरलेल्या सत्रांत संस्थेच्या भोजनगृहात जेवणाची हजेरीही भरावी लागे. उरलेला वेळ ग्रंथालयात जाई. १९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी. एस्सी. अशा पदव्या त्यांनी मिळविल्या. १९२३ मध्येच मुंबईला परतून त्यांनी वकिली सुरू केली.

आता या दोन विद्या एकत्र कशा कामाला आल्या, ते महाडच्या उदाहरणावरून पाहा.

सार्वजनिक पैशाने बांधलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये संमत केला होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क कागदावर होता. पण तळ्याकडे जाण्याची कोणाची छाती नव्हती. नुसता कायदा शिकलेला माणूस म्हणाला असता, ठराव झालेला आहे, काम संपले. बाबासाहेबांनी तसे मानले नाही. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी हजारो लोकांसह तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यांच्या दृष्टीने तो तहान भागविण्याचा प्रश्न नव्हता. आपण इतरांसारखीच माणसे आहोत, हे जगाला आणि त्याहून अधिक स्वतःला सांगण्याचा तो दिवस होता.

त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण झाले. डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरणार, तेवढ्यात काही सवर्णांनी दिवाणी न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. परिषदेने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, हा त्याचा गाभा होता. १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रसभेचे उदाहरण बाबासाहेबांनी परिषदेपुढे ठेवले होते. २५ डिसेंबरला विषमतेचा कायदा सांगणाऱ्या मनुस्मृतीचे दहन झाले. पण तळ्यावर जाण्यास अधीर झालेल्या लोकांना बाबासाहेबांनी थांबविले. न्यायालयाचा हुकूम मोडायचा नाही, न्यायालयातच लढायचे, असे त्यांनी ठरविले.

नुसती हक्कांची भाषा शिकलेला माणूस कदाचित त्या दिवशी हुकूम मोडून बसला असता. नुसता वकील असता, तर त्याने जाहीरनामाच केला नसता. बाबासाहेबांनी दोन्ही केले. दावा वर्षानुवर्षे चालला. खालच्या न्यायालयात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला, अपिले झाली आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही. ओंजळ भरली त्या दिवसाला दहा वर्षे पुरी होण्यास तीन दिवस कमी होते.

पुढे हाच धागा संविधानात आला. १९४७ मध्ये ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. विहिरी, तळी, स्नानाचे घाट आणि रस्ते यांच्या वापरात जातीवरून अडवणूक करता येणार नाही, हे पंधराव्या कलमात आहे. ते वाचताना महाड आठवल्याशिवाय राहत नाही. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी स्वीकारले. ते आज सतरावे कलम आहे. ९ डिसेंबरला मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याच्या कलमावर चर्चा झाली. ते आजचे बत्तिसावे कलम बाबासाहेब साऱ्या संविधानात सर्वांत मोलाचे मानीत. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा स्वीकारला. हक्क कोणता, हे सतरावे कलम सांगते. तो हिरावला तर जायचे कोठे, हे बत्तिसावे कलम सांगते. पहिल्याशिवाय दुसरे रिकामे आणि दुसऱ्याशिवाय पहिले लुळे.

बाबासाहेबांनी ही विद्या स्वतःपुरती ठेवली नाही. मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयात त्यांनी शिकविले आणि १९३५ मध्ये ते तेथे प्राचार्य झाले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५६ मध्ये या संस्थेचे सिद्धार्थ विधि महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

धम्मात आपण प्रज्ञा आणि करुणा यांचा उच्चार एकत्र करतो. दुसऱ्याचे दुःख ओळखणे ही करुणा आणि ते दूर करण्याचा मार्ग जाणणे ही प्रज्ञा. मानवी हक्कांचा अभ्यास माणसाला दुःख ओळखायला शिकवितो, कायदा ते न्यायाधीशापुढे मांडायला शिकवितो. हातात तक्रार अर्ज घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसलेल्या आपल्या माणसाला या दोन्ही गोष्टी एकाच माणसात हव्या असतात.

त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले, की दादा, ही दोन ओझी नाहीत. एका कावडीची ती दोन पारडी आहेत. एकच पारडे घेऊन चालणारा माणूस कलतो. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी प्रवेशाची शेवटची तारीख विचारली.

जयभीम.