जॉन रस्किन आणि प्रार्थनापोथ्यांची सुटी पाने

भारतीय वाचकाला जॉन रस्किन (१८१९–१९००) परिचित असतो तो गांधीजींनी १९०८ मध्ये ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत उतरविलेल्या ‘अन्टू धिस लास्ट’ या ग्रंथाचा कर्ता म्हणून. लॅटिन प्रार्थनापोथ्यांचा संग्राहक रस्किन त्याहून अधिक गुंतागुंतीचा आहे.

लंडनमधील सुखवस्तू मद्यव्यापाऱ्याचा तो एकुलता मुलगा. कट्टर प्रॉटेस्टंट आईने त्याच्याकडून बायबल रोज वाचून व पाठ करून घेतले. त्यातील सर्वांत दीर्घ असे ११९वे स्तोत्र त्याला बालपणीच मुखोद्गत झाले. (लॅटिन पोथ्यांत ते ११८वे.) १८५० च्या सुमारास त्याला मध्ययुगीन कॅथलिक पोथ्यांचे वेड लागले. चर्मपत्रावरील सोन्याचा वर्ख, गडद निळा रंग, आद्याक्षराच्या शेपटातून फुटून समासभर पसरणारी वेल, यांत त्याला निनावी कारागिराच्या आनंदी श्रमाचा पुरावा दिसे.

आणि याच माणसाने पोथ्या कापल्या. १८५४ च्या जानेवारीत त्याने एका पोथीची पाने कापण्यात संध्याकाळ घालविली आणि ते काम कष्टाचे असल्याची नोंद दैनंदिनीत केली. बोप्रे येथील जोगिणींच्या मठातील १२९० ची भव्य गानपोथी त्याच्याच हातून विसकटली. तेराव्या शतकातील फ्रान्सची राजकन्या इझाबेल हिच्याशी जोडली जाणारी स्तोत्रपोथीही सुटली नाही. काही पाने त्याने अमेरिकन मित्र चार्ल्स एलियट नॉर्टन यास दिली, काही ऑक्सफर्डच्या चित्रशाळेला.

त्याच वर्षी तो लंडनच्या श्रमिक महाविद्यालयात चित्रकला शिकवू लागला होता. मिटलेली पोथी एकाच्या मालकीची; सुटी पाने मात्र अनेक विद्यार्थ्यांच्या हाती एकाच वेळी देता येतात. ही दृष्टी क्षुद्र नव्हती. परंतु पानाच्या पुढच्या बाजूस आरंभलेले स्तोत्र मागच्या बाजूस, कधी पुढच्या पानावर, पूर्ण होते. दिवसाच्या प्रहरांनुसार ठरलेला प्रार्थनांचा क्रम हाच पोथीचा प्राण. तो तुटला की उरते ते चित्र. आपल्या रागमाला-संचांची पांगापांग पाहिलेल्या अभ्यासकाला हे वेगळे सांगावयास नको. शिवाय जुन्या वास्तू आपल्या मालकीच्या नसून त्या बांधणाऱ्यांच्या व पुढील पिढ्यांच्या आहेत, असे १८४९ मध्ये ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’मध्ये बजावणारा रस्किनच होता. वास्तूंना लावलेला हा न्याय त्याने पोथीला लावला नाही. बालपणी स्तोत्रे पाठ असलेल्याला त्यांचा मजकूर इतका गृहीत वाटावा की केवळ रंगच नजरेत भरावेत, असे घडले असावे काय?

अखेरच्या दशकात मनोविकाराने ग्रासलेला रस्किन कॉनिस्टन सरोवराकाठच्या घरी जवळजवळ मौनात गेला. तरुणपणी त्याचा स्नेह लाभलेल्या सिडनी कॉकरेलने पुढे हेन्री येट्स टॉम्प्सन या संग्राहकासाठी इझाबेलच्या पोथीची विखुरलेली पाने नॉर्टन व ऑक्सफर्ड यांच्याकडून मिळविली. ती पुन्हा क्रमाने लावलेली पोथी आज केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे.