बेडन-पॉवेल आणि बेटावरचे शिबिर

मुलामुलींनो, उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की शाळेतील स्काउट आणि गाइड शिबिराच्या तयारीला लागतात. सामानाची यादी तयार होते. दोर मोजले जातात. कोणी मोठ्या भावाची पाठपिशवी मागून आणतो, तर कोणाची आई मुलाला रात्री थंडी वाजेल म्हणून काळजी करते. आपण घरी ज्याला खेमा म्हणतो, त्याला मराठीत तंबू म्हणतात. तंबू हा शब्दही तुम्हांला नवा नाही. स्काउटसाठी मराठीत बालवीर असाही एक सुंदर शब्द आहे.

मुलांनी चार दिवस घराबाहेर तंबूत राहायचे, आपली कामे आपणच करायची, ही पद्धत रुजवणारा माणूस शिक्षक नव्हता. तो एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. त्यांचे नाव रॉबर्ट बेडन-पॉवेल.

रॉबर्ट यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. रॉबर्ट तीन वर्षांचा असतानाच ते वारले. आईने मोठ्या धीराने मुलांना वाढवले. चार्टरहाउस या शाळेत रॉबर्ट शिकत होता. अभ्यासात तो फार हुशार नव्हता, पण शाळेजवळच्या झाडीत त्याचे मन रमे. तिथे तो ससे पकडी आणि लहानशा विस्तवावर भाजून खाई. धूर दिसला तर शिक्षक येतील, म्हणून धूर न करता विस्तव कसा पेटवायचा हे त्याने स्वतःच शोधून काढले. सुट्टीत भावांबरोबर तो शिडाच्या होडीतून भटके. पुढे जे त्याने जगाला शिकवले, त्याची सुरुवात अशी शिक्षकांची नजर चुकवून झाली होती. (तुम्ही मात्र शाळेच्या वेळेत हा प्रयोग करू नका.)

१८७६ साली ते सैन्यात भरती झाले आणि त्याच वर्षी आपल्या देशात, लखनौला आले. पुढे अनेक वर्षांनी मेरठच्या छावणीत त्यांनी सैनिकांना टेहळणीचे शिक्षण दिले. टेहळणी म्हणजे शत्रूला न दिसता त्याची खबर काढणे. मोठ्या जमावात माणूस डोके चालवत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. म्हणून ते सैनिकांच्या लहान लहान तुकड्या करीत आणि प्रत्येकावर काही तरी जबाबदारी टाकीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

१८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांच्यात युद्ध सुरू झाले. बोअरांनी माफेकिंग या गावाला वेढा घातला. गावाचे रक्षण बेडन-पॉवेल यांच्याकडे होते. सैन्य कमी होते, तेव्हा त्यांनी युक्त्या लढवल्या. वाळू भरलेल्या पेट्या जमिनीत पुरून त्या सुरुंग असल्याचे भासवले. गावातील मुलांचे एक पथक होते. ती मुले निरोप पोचवीत आणि पहारा देत. आधी गाढवांवरून आणि नंतर सायकलवरून ती गोळीबारातही फिरत. जबाबदारी टाकली तर मुलेही ती पार पाडतात, हे बेडन-पॉवेल यांनी तेथे पाहिले. २१७ दिवसांनी वेढा उठला आणि इंग्लंडमध्ये ते घरोघरी प्रसिद्ध झाले.

पण एक गोष्ट तुम्हांला सांगितलीच पाहिजे. वेढ्यात अन्न कमी पडले, तेव्हा गोऱ्या लोकांना जेवढा शिधा मिळाला तेवढा तिथल्या काळ्या आफ्रिकी लोकांना मिळाला नाही. अनेक जण उपासमारीने मेले. इतिहासकारांनी यासाठी बेडन-पॉवेल यांना दोष दिला आहे. मोठ्या माणसाचे चरित्र वाचताना अशी पाने गाळून पुढे जाऊ नये, असे मला वाटते.

इंग्लंडला परत आल्यावर त्यांना दिसले की सैनिकांसाठी लिहिलेले त्यांचे टेहळणीचे पुस्तक मुलेच आवडीने वाचत आहेत. मग मुलांसाठी वेगळे पुस्तक का लिहू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. पण लिहिण्यापूर्वी त्यांनी आपले विचार तपासून पाहायचे ठरवले.

त्यासाठी त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळचे ब्राउन्सी हे बेट निवडले. लहानपणी भावांबरोबर ते तिथे गेले होते, म्हणून जागा त्यांच्या ओळखीची होती. ऑगस्ट १९०७ मध्ये सुमारे वीस मुले तेथे जमली. काही श्रीमंतांच्या नामांकित शाळांतील होती, तर काही कामगारांची मुले होती. फीसुद्धा ऐपतीप्रमाणे होती. श्रीमंत मुलांना एक पौंड आणि बाकीच्यांना साडेतीन शिलिंग, म्हणजे पौंडाच्या पाचव्या भागापेक्षाही कमी. त्या काळी इंग्लंडमध्ये ही दोन प्रकारची मुले एका रस्त्यावर खेळतही नसत. इथे ती एका तंबूत झोपली.

मुलांचे चार संघ केले होते : लांडगा, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळा. खांद्यावरच्या रंगीत फितीवरून संघ ओळखू येई. प्रत्येक संघाला एक संघनायक होता आणि आपल्या मुलांची पूर्ण जबाबदारी त्याचीच होती. मेरठच्या लहान तुकड्या आठवल्या ना? सकाळी कुडू हरणाच्या शिंगाचा कर्णा वाजे. मग व्यायाम, प्रार्थना, न्याहारी, दिवसभर माग काढणे आणि खेळ. दुपारी सक्तीची विश्रांती. रात्री शेकोटीभोवती गोष्टी. दररोज रात्री एक संघ कणीक, बटाटे आणि मांस घेऊन दूर मुक्कामाला जाई, स्वतः रांधून खाई आणि पहारा देई. गाठी मारणे, माग काढणे आणि झेंड्याची माहिती या परीक्षांत पास झालेल्या मुलाला आणखी एक बिल्ला मिळे.

गाठींची परीक्षा तुम्हांला किरकोळ वाटेल. पण वारा सुटला की तंबू गाठीवरच उभा राहतो. मी प्रथम मुलांना शिबिराला नेले, तेव्हा सखल जागी तंबू ठोकले आणि चर खणायचे राहून गेले. रात्री अवकाळी पाऊस आला आणि आमची अंथरुणे तरंगू लागली. मुले हसत होती, मी मात्र हसलो नाही.

१९०८ मध्ये बेडन-पॉवेल यांचे मुलांसाठीचे पुस्तक सहा भागांत निघाले. त्यात तंबू, विस्तव, प्रथमोपचार, वाटेवरच्या खुणा असे पुष्कळ काही होते. वस्तू एक मिनिट पाहून नंतर आठवून सांगण्याचा किमचा खेळही त्यात आहे. किम हा एका इंग्रजी कादंबरीतला लाहोरचा मुलगा. पुस्तक वाचून मुलांनी आपणच संघ बनवले. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला दहा हजारांहून अधिक स्काउट जमले. त्यांत काही मुलीही आल्या होत्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते! पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, बहीण ॲग्नेस यांच्या मदतीने मुलींसाठी गाइड संघटना निघाली.

सर्व काही सुखाचेच झाले असे नाही. ४ ऑगस्ट १९१२ रोजी लंडनच्या वॉलवर्थ भागातील स्काउट होडीने शिबिराला जात होते. लेसडाउनच्या किनाऱ्याजवळ अचानक वादळी वारा आला आणि होडी उलटली. नऊ मुले बुडाली. बालवीरांचे ब्रीद आहे : सदैव तयार. पोहता येते का, हवा कशी आहे, हे तुमचे शिक्षक निघण्यापूर्वी पुन्हा पुन्हा विचारतात, तेव्हा कंटाळू नका.

आपल्या देशात सुरुवातीला भारतीय मुलांना या संघटनेत प्रवेश नव्हता. तेव्हा ॲनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी आपल्या मुलांसाठी वेगळी पथके काढली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले, त्यानंतर भारतीय मुलांना दार उघडले गेले. तरी संघटना वेगवेगळ्याच राहिल्या. स्वातंत्र्यानंतर त्या एकत्र आल्या आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था स्थापन झाली. या कामी त्या वेळचे शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांचीही मदत झाली.

बेडन-पॉवेल यांनी तो दिवस पाहिला नाही. अखेरची वर्षे ते पत्नी ओलेव्ह यांच्यासह केनियात न्येरी गावी राहत होते. ८ जानेवारी १९४१ रोजी तेथेच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या कबरीच्या दगडावर वाटेवरची एक खूण कोरली आहे : एक वर्तुळ आणि मध्ये एक ठिपका. माग काढणाऱ्या स्काउटला तिचा अर्थ सांगावा लागत नाही. मी घरी गेलो आहे, असा तो अर्थ.